आमच्या वाडीची लोकसंख्या आणि क्षेत्रफळ नेटवर कुठेच का नाही? मुलाच्या प्रोजेक्टला हवंय

नसणारच, जनगणना महसुली गाव मोजते, वाडी नाही. २०११ च्या यादीत आमचं गाव आहे, पण आमची वाडी वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, देवळापासून घाटी चढून, मध्ये पऱ्या, म्हणजे ओढा, जो पावसात जोर धरला की कुणाला पलीकडे जाऊ देत नाही. तिचा आकडा गावाच्या आकड्यात गडप.

नळयोजनेच्या ग्रामसभेत हेच आडवं आलं. टाकी देवळापाशी, का, तर वस्ती खालीच आहे म्हणे. आणि आमचा चुलतभाऊ, राहतो मुंबईला, सगळ्यांसमोर बोलला की वर राहतंय कोण, घरं तर बंदच. अरे, बंद घरं तुमची, आम्ही आहोत की इथे! मे महिन्यात विहिरीत उतरून वाटीवाटीने कळशी भरते ती माझी काकी, ती कुणीच नाही का? मग मी आणि अंगणवाडीच्या ताई घरोघर फिरलो, वहीत फक्त पावसाळ्यात वाडीत असतात तीच माणसं लिहिली. म्हातारी जास्त, बायका जास्त. रत्नागिरी जिल्ह्याचंच तसं आहे, २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ बायका, आणि लोकसंख्या दहा वर्षांत १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. वही पुढे ठेवली तेव्हा कुठे वरची टाकी मंजूर झाली. गणपतीला वाडी भरते म्हणून ती माणसं वाडीची लोकसंख्या होत नाहीत, जनगणनेत ती मुंबईतच मोजली जातात आणि तेच बरोबर आहे, मग टाकी कुठे बसवायची हे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने का ठरवायचं?

तुमचं म्हणाल तर मतदार यादी बघा, आमच्याकडे तिच्यात वाडीवार विभाग आहेत, फक्त १८ च्या खालची पोरं धरावी लागतील. घरं ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, मिळतील, पण त्यात बंद घरंही येतात, ती वजा करा. सगळ्यात बरं म्हणजे अंगणवाडीच्या ताईंना विचारा. क्षेत्रफळ मात्र विसरा, वाडीला सरकारी हद्दच नसते, फार तर गाव नकाशावर तुमच्या वाडीतल्या जमिनींचे गट नंबर शोधून त्यांच्या क्षेत्राची बेरीज करा. हां, हे सगळं कोकणातलं सांगतोय. तुम्ही पालघर-गडचिरोलीकडचे असाल आणि पाडा पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याखाली, गाव म्हणून घोषित झाला असेल, तर आधी तिथल्या ग्रामसभेत विचारा.