कुगेल काळा पडतो, पाणी सुटतं

प्रश्न : बटाट्याचा कुगेल (किसलेल्या बटाट्यांचा ओव्हनमध्ये भाजलेला ज्यू पदार्थ) आतून करडा होतो आणि तळाशी पाणी साचतं. काय चुकतं? शिवाय कुगेल म्हणजे गोळा ना? मग वडीसारखा चौकोनी का?

उत्तर : १ किलो जुने, पिठूळ बटाटे घ्या; नवे चिकट होतात. २ कांदे बटाट्यांबरोबर आलटून पालटून किसा, कांद्यामुळे कीस लवकर काळा पडत नाही. पण खरा उपाय झटपट हात चालवणं हाच. ओव्हन आधीच २०० अंशांवर तापवून ठेवा. कीस फडक्यात घट्ट पिळा. पिळलेलं पाणी ५ मिनिटं ठेवून वरचं ओता आणि तळाचा पांढरा साका किसात परत घाला. तो फेकून दिला तर वड्या सुटतात. ४ अंडी, दीड चमचा मीठ, भरपूर मिरपूड. भांड्यात पाऊण वाटी तेल ओव्हनमध्येच कडकडीत तापवा आणि त्यात मिश्रण ओता. चर्र आवाज आला नाही तर तळ कुरकुरीत होणार नाही. वर गडद तांबूस होईपर्यंत सुमारे सव्वा तास. लोणी नको, कारण शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, तो मांसाबरोबर वाढतात आणि ज्यू आहारनियमांत दूध-मांस एकत्र चालत नाही.

नाव जर्मन-यिद्दिश (यिद्दिश म्हणजे युरोपातल्या ज्यूंची जर्मनशी जवळची भाषा), अर्थ गोळाच. जर्मन ज्यू शब्बाथच्या रश्शात पिठाचा गोळा रात्रभर शिजवत. पुढे तो वेगळ्या भांड्यात भाजू लागले, आकार बदलला, नाव टिकलं. बटाटा बराच नंतरचा. जेरुसलेमी प्रकारात तर शेवया, जळकी साखर आणि मिरपूड! कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचा मात्र हा पारंपरिक पदार्थ नव्हे.