सोलापूरच्या यंत्रमाग कारखान्यासाठी उच्चारता येणारे पासवर्ड देणारी पायथन लायब्ररी केली. माझ्या मशीनवर चालते, इन्स्टॉल केल्यावर अक्षरांची फाइल सापडत नाही. का?

ती फाइल तुमच्या व्हीलमध्ये, म्हणजे इन्स्टॉल होणाऱ्या पॅकेजच्या फाइलमध्ये, गेलेलीच नाही. पॅकेज बांधणारं सेटअपटूल्स पायथनच्या फाइली आपोआप उचलतं, टेक्स्ट फाइल मात्र पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या सेटिंग्जच्या फाइलमध्ये पॅकेज-डेटाखाली स्वतः नोंदवावी लागते, आणि ती पॅकेजच्या फोल्डरातच हवी. तुमच्या मशीनवर सोर्स फोल्डर शेजारीच असल्यामुळे ही चूक लपते. व्हील ही झिपच असते, उघडून खात्री करा. कोडमधून ती अक्षरांची फाइल वाचायला पायथनचं इम्पोर्टलिब रिसोर्सेस मॉड्यूल वापरा.

त्याहून महत्त्वाचं: अक्षरांची निवड पायथनच्या रँडम मॉड्यूलने करत असाल तर आधी ते बदला. त्यामागची आकडे काढायची पद्धत, मर्सेन ट्विस्टर, अशी आहे की आधीच्या आकड्यांवरून पुढचे ओळखता येतात; पायथन ३.६ पासून यासाठीच सीक्रेट्स मॉड्यूल आहे. मी स्वतः अशा लायब्रऱ्या पॅकेज करतो, त्यामुळे हे आग्रहाने सांगतोय.

एक मर्यादा लक्षात ठेवा. २० व्यंजनं आणि ५ स्वर धरले तर एका जोडीच्या १०० शक्यता. सहा जोड्यांचे एक लाख कोटी पासवर्ड होतात, म्हणजे सुमारे ४० बिटची ताकद. फोनवर कामगाराला सांगायला सोपं, पण साठवलेले हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपं) चोरीला गेले तर अपुरं. किमान दहा जोड्या ठेवा.