परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचाय, दोघांना मिळून एकच वकील चालेल का?

चालतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब खाली अर्जच दोघांचा संयुक्त असतो, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयांत एकाच वकिलाने तो दाखल करणं नवीन नाही. मुख्य अट अशी की अर्जाआधी किमान वर्षभर तुम्ही वेगळे राहत असला पाहिजेत.

खरी अडचण अर्जात नसते, अटींमध्ये असते. पोटगी एकरकमी की दरमहा, स्त्रीधन परत कधी, मुलांचा ताबा आणि भेटीचे दिवस, फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर होम लोनचे हप्ते कोण भरणार. हे आधी दोघांत ठरलं असेल तर वकिलाचं काम कागद नीट करण्याचं. ठरलं नसेल, तर एकच माणूस दोघांच्या बाजूने घासाघीस कशी करणार? उद्या बिनसलं तर त्याला तुमच्यापैकी एकाच्या विरोधात उभं राहता येत नाही. वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिलचा तसा नियमच आहे. आणि बिनसू शकतं, कारण हुकूमनामा (घटस्फोटाचा अंतिम आदेश) होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं.

माझं मत: वकील एक ठेवा, पण सही करण्याआधी तो मसुदा दुसऱ्या वकिलाला दाखवा, विशेषतः ज्याचं उत्पन्न कमी आहे त्याने. (वकील समोरच्याच्या 'घरचा' असेल तर नक्कीच.) अर्ज दाखल केल्यावर थांबावी लागणारी सहा महिन्यांची मुदत 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर माफ होऊ शकते, पण तो न्यायाधीशांचा अधिकार आहे, हमी नाही.