मुलांना फुटबॉल शिकवायला निघालेल्या तुला

प्रिय मित्रा,

"मुलाला फुटबॉलला घालू का?" असं पालक विचारतात तेव्हा काय सांगावं कळत नाही, असं तू लिहिलंस. बेधडक "घाला" म्हण. फक्त त्यानंतर ते मूल तुझ्या भरवशावर आहे, हे ध्यानात ठेव.

फायदे पालकांना ठाऊक असतात. दम वाढतो, हाडं बळकट होतात, हरल्यावरही समोरच्याशी हात मिळवायची सवय लागते. तोट्यांचं मात्र तुलाच बघावं लागेल.

सराव संपल्यावर एखादं दहा-अकरा वर्षांचं मूल टाच न टेकता चवड्यांवर चालताना दिसलं, तर "नाटकं करू नकोस" असं चुकूनही म्हणू नकोस. वाढीच्या वयात टाचेच्या हाडाला मागे मऊ कूर्चा असते आणि पोटरीचे ताणलेले स्नायू तिला सतत ओढत असतात. या दुखण्याला सेव्हर्स डिसीज म्हणतात. गुडघ्याच्या वाटीखाली असंच दुखू लागलं, तर ते बहुधा ऑसगुड-श्लाटर असतं. वाढ पूर्ण होता होता दोन्ही सहसा बरी होतात, पण तोवर धावणं आणि उड्या कमी कराव्याच लागतात. दुखणं लांबलं तर डॉक्टरांकडे पाठव.

डोक्याच्या बाबतीत अजिबात तडजोड नको. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं हेडिंग, म्हणजे चेंडू डोक्याने मारणं, बंद केलं. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना सरावात हेडिंग शिकवत नाहीत. तूही शिकवू नकोस. डोक्याला मार लागून मूल गोंधळल्यासारखं वाटलं, तर त्या दिवशी त्याचा खेळ संपला, मग सामना अंतिम का असेना. वॉर्म-अपसाठी फिफाचा '११+ किड्स' हा व्यायामक्रम घे. एका पायावर तोल सांभाळणं, उडीनंतर नीट उतरणं, पडायचं कसं, हे सगळं त्यात आहे. त्याने दुखापती कमी होतात, हे अभ्यासांतून दिसलंय.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती बाकावर बसणाऱ्या मुलाची. वयोगट १ जानेवारीपासून मोजला, तर जानेवारीत आणि डिसेंबरात जन्मलेली मुलं एकाच गटात येतात. दहाव्या वर्षी हा जवळजवळ वर्षाचा फरक उंचीत, ताकदीत, धावण्यात स्पष्ट दिसतो. निवडलेल्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त असतात, असं कितीतरी देशांत आढळलंय. मोठ्या चणीच्या मुलाला खेळायला मिळतं, म्हणून तो आणखी सुधारतो. लहान चणीचा शेवटची पाच मिनिटं उतरतो, चेंडू पायाशी आला की घाबरून कुठेही मारतो आणि वर्षभरात खेळ सोडतो. त्याच्यात काय गुण होते, हे कुणाला कळतच नाही. म्हणून या वयात सगळ्यांना सारखा वेळ खेळव, सामना हातचा गेला तरी.

आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी दे आणि वर्षातले दोन-तीन महिने मुलांना दुसरं काहीतरी खेळू दे.

हे सगळं पालकांना पहिल्याच भेटीत सांग. रेषेबाहेरून ओरडून सूचना द्यायच्या नाहीत, हेही तेव्हाच सांग. कुणी नाराज होऊन मुलाला दुसऱ्या क्लबात नेईल. वाईट वाटेल, तरी नियम बदलू नकोस.

पहिल्या सामन्याची यादी झाली की मला पाठव. कोण किती मिनिटं खेळणार, ते मिळून ठरवू.

तुझा,
सर