सादळू द्या, भिजवू नका

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या तोंडांनी आली आहे: पाइपची तंबाखू वाळली. म्हणून ती सगळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : व्हर्जिनिया आणि बर्ली या तंबाखूच्या जातींच्या रिबन-कट (बारीक पट्ट्यांत कापलेल्या) मिश्रणाचा ५० ग्रॅमचा डबा पाच वर्षांपूर्वी उघडला, वास घेतला आणि ठेवून दिला. आता तंबाखू चिवड्यातल्या पोह्यांसारखी मोडते. वजन ४४ ग्रॅम भरतं. टाकून द्यायची का? (नागपूर)

टाकू नका. वाळलेली तंबाखू खराब झालेली नसते, तिच्यातलं पाणी गेलेलं असतं. पाण्याबरोबर थोडा सुगंधही उडालेला असतो आणि तो परत येत नाही. चव मात्र बरीचशी परत मिळते. एप्रिल-मेमधल्या दुपारी तुमच्याकडे हवेतली सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. सैल झाकणाच्या डब्यातली तंबाखू तिथे एका उन्हाळ्यातसुद्धा कुरकुरीत होते.

पहिलं पथ्य : ती आहे त्या अवस्थेत हाताळू नका. कोरडी पानं मोडून भुगा होतो. तो पाइपच्या तळाशी बसून हवेचा मार्ग बुजवतो. भुग्याच्या पुन्हा पट्ट्या होत नाहीत.

आता हिशेब. डबाबंद तंबाखूत भरताना साधारण १६ ते २० टक्के पाणी असतं. मधला १८ टक्के आकडा धरला, तर तुमच्या ५० ग्रॅममध्ये ९ ग्रॅम पाणी आणि ४१ ग्रॅम कोरडा ऐवज होता. आज वजन ४४ आहे, म्हणजे पाणी उरलं ३ ग्रॅम, जेमतेम ७ टक्के. ओढायला १२ ते १५ टक्के चांगले. १४ टक्के गाठायचे तर ४१ भागिले ०.८६, म्हणजे सुमारे ४७.७ ग्रॅम वजन व्हायला हवं. कमी आहे ३.७ ग्रॅम. डब्यावरच्या ५० ग्रॅमपर्यंत परत न्यायचा हट्ट नको. ते भरतानाचं वजन आहे, ओढतानाचं नाही.

ही ३.७ ग्रॅमची भर थेट पाणी ओतून घालू नका. दिवाळीची एक साधी मातीची पणती घ्या, नवी, न रंगवलेली, तेल न लागलेली. दहा मिनिटं उकळून उन्हात कडकडीत वाळवा आणि ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर तोला. मग डिस्टिल्ड पाण्यात २० मिनिटं बुडवून ठेवा, बाहेर काढून फडक्याने कोरडी पुसा आणि पुन्हा तोला. वाढलेलं वजन म्हणजे पणतीने प्यायलेलं पाणी. ते जास्त असेल तर फरक साडेतीन ग्रॅमवर येईपर्यंत पणती उघड्यावर ठेवा. एवढं केलं की चूक होण्याची वाटच बंद होते. पणतीत आहे त्याहून जास्त पाणी तंबाखूत जाऊच शकत नाही.

एक लिटरची रबरी कड असलेली काचेची बरणी घ्या. तंबाखू तिच्यात सैल पसरा, निम्म्याच्या वर नको. मध्ये एक लहान स्टीलचं झाकण उताणं ठेवून त्यावर पणती ठेवा. ती तंबाखूला टेकता कामा नये. टेकली तर तेवढीच पानं चिंब होतात आणि बुरशीला नेमकी तीच जागा सापडते. झाकण लावून बरणी सावलीत ठेवा. दर १२ तासांनी हलक्या हाताने तंबाखू खालीवर करा. दोन-तीन दिवसांत पणती कोरडी पडेल. तंबाखू तोला. वजन ४७ च्या पुढे गेलं असेल तर पणती बाहेर काढा आणि बरणी आणखी आठवडाभर तशीच बंद ठेवा. पानाच्या कडा आधी ओलावतात, पोटापर्यंत ओल उशिरा पोहोचते, म्हणून हा आठवडा. पणती बरणीत कायमची ठेवायची सोय म्हणून वापरू नका.

काटा नसेल तर चिमटीवर विसंबा. चिमूटभर तंबाखू अंगठा आणि तर्जनीत दाबून सोडा. क्षणभर गोळी धरून मग हळूहळू उलगडली तर ठीक. चुरचुरली तर कोरडी. गोळी तशीच राहिली तर ओल जास्त.

प्रश्न : माझ्या डब्यातली निम्मी ओढून झाली आहे. मग वजनाचा हिशेब कसा करायचा? (पुणे)

डब्यावरचा आकडा आता उपयोगाचा नाही, हे बरोबर. १० ग्रॅम नमुना ओव्हनमध्ये १०० अंशांवर तीन तास ठेवून तोला. वजन ९.२ भरलं तर ओल ८ टक्के. या उष्णतेत पाण्याबरोबर इतर उडणारे घटकही जातात, त्यामुळे आकडा जरासा फुगतो, पण आपल्या कामाला पुरतो. तो नमुना मात्र ओढायच्या कामाचा राहत नाही. पुढे ढोबळ नियम लक्षात ठेवा : कोरड्या पडलेल्या १०० ग्रॅम तंबाखूची ओल एका टक्क्याने वाढवायला साधारण १.२ ग्रॅम पाणी लागतं. १० ग्रॅम जाळायचे जिवावर येत असेल तर पणतीत एका वेळी १ ग्रॅमच पाणी द्या आणि दरवेळी चिमटीने पाहा.

प्रश्न : प्लॅस्टिकच्या पिशवीत तंबाखूवर स्प्रेने नळाचं पाणी मारलं. सुरुवातीला छान मऊ झाली. दहा दिवसांनी उघडली तर कुबट वास आणि पांढरे ठिपके. वरचं काढून टाकून बाकीची वापरता येईल का? (ठाणे)

नाही. सगळी टाका. दिसते ती बुरशीची वरची फुलं. तंतू आणि बीजाणू आतपर्यंत गेलेले असतात. भाजून किंवा उन्हात घालून ती निर्धोक होत नाही, कारण बुरशी मेली तरी तिने सोडलेली विषद्रव्यं राहतात आणि ती धुरातून तोंडात घ्यायची नाहीत.

बिघडलं ते स्प्रेमुळे नाही, घाईमुळे. थेंब जिथे पडतात तिथे ओल ३०-४० टक्क्यांवर जाते आणि शेजारची पट्टी कोरडीच असते. बंद पिशवीत हा फरक मिटायला वेळ लागतो. बुरशीला तेवढा पुरतो. स्प्रेच वापरायचा असेल तर तंबाखू परातीत एका थरात पसरा, हिशेबाच्या दोन-तृतीयांशच पाणी घ्या (५ मिलीच्या सिरिंजने मोजून स्प्रेच्या बाटलीत भरा), हातभर अंतरावरून एक फवारा मारा, तंबाखू परता, पाच मिनिटं थांबा, मग दुसरा. पुढे बरणीत एक दिवस ठेवून तोला. उरलेलं एक-तृतीयांश पाणी बहुधा लागतच नाही.

पाणी कोणतं, हेही महत्त्वाचं. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो आणि तंबाखू वास पटकन धरते. औषधाच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी घ्या. नसेल तर घरच्या आरओचं उकळून गार केलेलं चालेल. पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी मात्र नको. ते खनिजरहित असतं, पण खाण्यापिण्याच्या स्वच्छतेने भरलेलं नसतं.

एक खुलासा. व्हर्जिनियाच्या जुन्या फ्लेकवर (दाबून चिकटवलेल्या पानांच्या वडीवर) कधीकधी पांढरी चकाकी दिसते. ती प्रत्येक वेळी बुरशी नसते. सराफाच्या दहापट भिंगातून पाहा. उजेडात चमकणारे कण असतील, तंतू नसतील आणि वास गोडसर, सुक्या मेव्यासारखा असेल, तर ते पृष्ठभागावर आलेले स्फटिक आहेत. कापसासारखी लव आणि तळघराचा वास असेल तर बुरशी. शंका राहिलीच तर टाका. बरणी उकळत्या पाण्याने धुवा आणि रबरी कड बदला.

प्रश्न : सफरचंदाची फोड किंवा बटाट्याची साल टाकून ठेवतात, ते चालतं का? (नाशिक)

ओल मिळते, हे खरं. पण किती मिळाली ते कळत नाही. फळाचा वास उतरतो आणि फोड स्वतःच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. पणती दहा रुपयांच्या आत येत असताना सफरचंद कशाला वाया घालवायचं? ते खा.

प्रश्न : पाहुणे बसले आहेत आणि डबा कोरडा. अर्ध्या तासात काही करता येईल? (कोल्हापूर)

अख्ख्या डब्याचं नाही, एका पाइपपुरतं करता येईल. तंबाखू गाळणीत घ्या, उकळत्या किटलीच्या तोटीपासून वीतभर वर दहा सेकंद धरा, बाजूला घेऊन झटका, मिनिटभर थांबा. असं तीन वेळा. गाळणीखाली थेंब लोंबायला लागले की खूप जवळ धरलीत असं समजा. वाफेने वरवरचा सुगंध लवकर उडतो, म्हणून ही रोजची रीत करू नये. वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट बसतो. गाळणीची दांडी लांब असू द्या.

त्याहून साधं : पाइप नेहमीपेक्षा किंचित घट्ट भरा आणि पेटवण्याआधी तोंडातली हवा दांडीतून हलकेच उलट सोडा, मिनिट-दोन मिनिटं. श्वासातली वाफ पानं धरून ठेवतात. मग सावकाश ओढा. कोरडी तंबाखू भराभर ओढली तर फार तापते आणि जीभ पोळते.

प्रश्न : फ्लेकच्या वड्या सुकून लाकडासारख्या झाल्या. आधी मोकळ्या करून मग ओलवाव्यात का? (बेळगाव)

उलट. आधी ओल, मग मोकळ्या करणं. फ्लेक म्हणजे दाबून चिकटवलेल्या पानांची कापलेली पट्टी. कोरडी असताना चोळली तर अर्धा भुगाच हाती येतो. पणतीची रीत तीच, फक्त वेळ जास्त द्या. रिबनला दोन-तीन दिवस पुरत असतील तर फ्लेकला आठवडा लागतो. अखंड प्लग (न कापलेली दाबलेली लादी) असेल तर तीन आठवडेही लागतात, कारण ओलीला कडेकडूनच आत सरकावं लागतं. वड्या एकावर एक न रचता सुट्या ठेवा. वडी मधोमध वाकवा. तडा न जाता वाकली की झाली.

काही फ्लेक मुळातच फार ओले येतात. इंग्लंडमधल्या केंडल गावच्या सॅम्युएल गॉविथचे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. ते ओढण्याआधी तास-दोन तास कागदावर पसरून उलट सुकवावे लागतात. असा डबा ‘थोडा वाळला’ म्हणून कुणी घाईने पाणी घालायला निघालं असेल तर आधी एक पाइप ओढून पाहावा. बहुधा तो नेमका तेव्हाच ओढण्यासारखा झालेला असतो. लाटाकियाच्या मिश्रणांचंही असंच. धुरी दिलेल्या त्या पानाला ११-१२ टक्के ओल पुरते आणि अनेकांना ती तशीच आवडते.

प्रश्न : व्हॅनिलाच्या वासाची कॅव्हेंडिश (सुगंधी तंबाखू) आहे. हाताला मऊ, चिकट लागते, तरी पेटवली की जीभ चरचरते आणि पाइप गुडगुडतो. पाणी कमी आहे की जास्त? (डोंबिवली)

जास्त. सुगंधी तंबाखू सुकू नये म्हणून तिच्यात प्रोपिलीन ग्लायकोल किंवा ग्लिसरीन घालतात. ती द्रव्यं ओल धरून ठेवतात आणि हाताला ‘ओलसर’ असाच भास देतात. इथे चिमटीची परीक्षा फसते. भरण्याआधी अर्धा-पाऊण तास पातळ पसरून ठेवा. तरी गुडगुड राहिली तर आणखी वेळ द्या. अशी तंबाखू खरोखर वाळली असेल, तर पाण्याने ती मऊ होईल पण व्हॅनिला परत येणार नाही. वरून इसेन्स, मध किंवा रम शिंपडायचा मोह होतो. मध जळून पाइपच्या पोटात कडवट खरपूड धरतो. रममधला अल्कोहोल उडून जातो, तिच्यातलं पाणी तेवढं मागे राहतं.

प्रश्न : आर्द्रता राखणाऱ्या तयार पुड्या मिळतात, त्या घ्याव्यात का? (औंध, पुणे)

राखण्यासाठी घ्या, वाळलेली सुधारण्यासाठी एकट्या पुडीवर भिस्त ठेवू नका. बोव्हेडासारख्या पुडीत पाणी आणि मिठाचं द्रावण असतं. बरणीतल्या हवेची सापेक्ष आर्द्रता ठरलेल्या आकड्यावर राहावी म्हणून ते हवेतून ओल घेतं किंवा सोडतं. पाइपसाठी ५८ ते ६५ टक्क्यांची घ्या. ६९ किंवा ७२ ची सिगारसाठी, आपल्याला ती जास्त होते. कडक वाळलेल्या १०० ग्रॅम तंबाखूला आठेक ग्रॅम पाणी लागतं आणि लहान पुडीचं वजनच ८ ग्रॅम. ती दोन दिवसांत पापडासारखी कडक होऊन बसते. आधी पणती, मग पुडी.

बरणीत छोटा आर्द्रतामापक ठेवणार असाल तर आधी तो तपासा. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, चिखल होईल इतकेच थेंब पाणी घाला, बूच आणि मापक एका घट्ट झिपच्या पिशवीत आठ-दहा तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७१ आला तर पुढे प्रत्येक वाचनात ४ मिळवायचे.

प्रश्न : आमच्याकडे जुलैत तंबाखू आपोआप मऊ होते. मग कशाला हा खटाटोप? (रत्नागिरी)

खरंच गरज नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवा ८० टक्क्यांच्या वर असते. वाळलेली तंबाखू ताटात पातळ पसरून, वर मलमल टाकून ठेवली की पापडासारखी सादळते. फक्त ताट विसरू नका. त्या हवेत ती १४ टक्क्यांवर थांबत नाही, पुढे जातच राहते. तासातासाने चिमटीने पाहा आणि उलगडणारी गोळी झाली की लगेच बरणीत भरा. स्वयंपाकघरात मुळीच ठेवू नका, फोडणीचा वास दोन मिनिटांत बसतो. लहान मुलांच्या हाताला लागेल असंही ठेवू नका, चिमूटभर तंबाखूही त्यांच्या पोटात जाणं धोक्याचं.

साठवणीची बरणी मात्र काठोकाठ भरा, वर मोकळी हवा जितकी कमी तितकं बरं. आणि झाकणावर तारखेबरोबर वजनही लिहून ठेवा. पुढच्या मे महिन्यात बरणी नुसती काट्यावर ठेवली तरी किती पाणी गेलं ते उघडण्याआधीच कळेल.