बाकीच्या तीन पर्यायांचं काय?

प्रिय आक्का,
मी कोल्हापुरात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा, तिसऱ्यांदा हुकली. माझी उत्तरं आणि उत्तरतालिका दोन्ही डाउनलोड केली, पण पहिल्या दहांतच चार चुका दिसल्या आणि लॅपटॉप मिटला तो मिटलाच. वर्गात शिवाजी सावंतांवर तासभर बोलणारी मी, त्यांच्याच प्रश्नाला चुकले! सासरे म्हणतात, "गोष्टीच्या पुस्तकांची परीक्षा, आणि त्यात नापास?" नवरा म्हणतो, विसरून जा, नव्यानं अभ्यास कर. तसंच करू का?
– तासिकेवरची मास्तरीण

अगं मास्तरणी,

आधी सासऱ्यांचं मिटवू. या परीक्षेत नुसते 40 टक्के पाडून खुल्या गटातल्या कुणाचं भागत नाही. बसलेल्यांपैकी जेमतेम 6 टक्केच सहायक प्राध्यापकपदाला पात्र ठरवतात. चहा देताना हे एकदा सांग आणि विषय सोड.

नवऱ्याचा सल्ला मायेचा आहे, पण मला पटत नाही. नव्यानं अभ्यास म्हणजे तीच पुस्तकं परत पहिल्या पानापासून, आणि जे आधीच येतं तेच अजून घोटणं. तुझी चूक त्या मिटलेल्या लॅपटॉपात आहे.

मी शाळेत शिकवत असताना वर्षानुवर्षं पेपर काढलेत, म्हणून आतली गोष्ट सांगते. बरोबर उत्तर लिहायला मिनिट लागत नाही. घाम काढतात ते बाकीचे तीन पर्याय. त्यातले दोन पोरांच्या नेहमीच्या गोंधळातून मिळतात, आणि तिसरा सुचलाच नाही तर निव्वळ भरती. (ती भरती ओळखता आली तरी अर्धं काम होतं.) म्हणजे तू टिचकी मारलेला चुकीचा पर्याय कचरा नसतो, बहुतेक वेळा तो दुसऱ्याच कुठल्या तरी प्रश्नाचं बरोबर उत्तर असतो.

सावंतांचा प्रश्न कोणता ते तू लिहिलं नाहीस, पण अंदाज बांधते. कर्णावर 'मृत्युंजय' लिहिली आजऱ्याच्या सावंतांनी, 1967 साली. कर्णावरच 'राधेय' लिहिली कोवाडच्या रणजित देसाईंनी. दोघेही आपल्याच जिल्ह्यातले. त्यात 'श्रीमान योगी' देसाईंची आणि 'छावा' सावंतांची. ही चार नावं जोड्या लावायला समोर आली की चारही वाचलेलीच बाई अडखळते. ज्यानं एकही वाचलं नाही तो ठोकून देतो, आणि मेल्याचं कधी कधी बरोबरही येतं!

तसंच 1974 चं. त्या साली ज्ञानपीठ खांडेकरांना, 'ययाति'साठी. साहित्य अकादमी शिरवाडकरांना, म्हणजेच कुसुमाग्रजांना, 'नटसम्राट'साठी. पण 'ययाति'ला अकादमी त्याआधीच, 1960 ला मिळालेली, आणि कुसुमाग्रजांचं ज्ञानपीठ 1987 चं. ज्ञानपीठाच्या प्रश्नात 1974 ला तू कुसुमाग्रज निवडलेस तर तुला काहीच येत नाही असं नाही, धागा दुसऱ्या खुंटीला बांधलास इतकंच. म्हणून नुसतं बरोबर उत्तर उतरवू नकोस. आपण निवडलेला पर्याय लिही आणि तो कोणत्या प्रश्नाला बरोबर ठरला असता तो प्रश्न त्याच्यापुढे लिही. एका चुकीत तीन प्रश्न पक्के होतात.

कालानुक्रमात आणखी एक खड्डा आहे, त्यात मीही पडलेय. 'लीळाचरित्र' साधारण 1278 चं आणि 'ज्ञानेश्वरी' 1212 ची, असं डोक्यात बसलं की 'ज्ञानेश्वरी' आधी लागते. पण 1212 हे शके. त्यात 78 मिळव, इसवी 1290 येतं. अशी चूक विसरभोळेपणाची नसते, वहीत दोन कालगणना शेजारी शेजारी लिहिल्याची असते.

'अयोग्य विधान ओळखा' हे 'योग्य' वाचून घालवलेले गुण वेगळे. त्याला अभ्यास नको, त्या शब्दावर नजर थांबवली की झालं.

नेटला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून 150 च्या 150 सगळेच भरतात. साहजिकच तुझ्या बरोबर उत्तरांतही तुक्के लपलेत. यापुढे सराव करताना तुक्क्यापुढे कच्च्या कागदावर टिंब दे, आणि बरोबर आला तरी तो चुकलेल्यांतच धर. आणि ज्याची अगदी खात्री होती आणि तरी चुकलं, ते सगळ्यात आधी तपास. छातीठोक केलेली चूक लगेच दाखवून दिली की ती जास्त पक्की सुधारते, असं मानसशास्त्राच्या प्रयोगांतही दिसलंय. ज्याची तुला लाज वाटते तो सावंतांचा प्रश्न यातलाच.

घरी जमत नसेल तर करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बस. 1850 पासूनचं वाचनालय आहे, तिथं तुला नापास म्हणणारं कुणी भेटणार नाही.

आणि एक कर. उद्या वर्गात तो प्रश्न चारही पर्यायांसह फळ्यावर लिही. तू काय निवडलं होतंस ते आधी सांगू नकोस. किती पोरं त्याच पर्यायावर हात वर करतात, ते मला कळव.

तुझी,
आक्का