स्लाइस जात असेल तर कोपर विसरा, बादली आठवा

तुम्ही लिहिलंय की गोल्फचे सर सांगतात उजवी कोपर आत ठेवा, वजन डावीकडे न्या, डोकं हलवू नका, आणि बॉलसमोर उभं राहिलं की हे सगळं एकदम डोक्यात येतं आणि ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारायच्या क्लबने) मारलेला बॉल परत स्लाइस, म्हणजे हवेत उजवीकडे वळत जातो. मी पण दोन वर्षं हेच केलंय म्हणून जरा लांब लिहितोय (तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरून).

डाउनस्विंगला (क्लब वरून बॉलपर्यंत यायला) जेमतेम पाव सेकंद लागतो आणि बॉल क्लबफेसवर, म्हणजे क्लबच्या बॉलला लागणाऱ्या बाजूवर, अर्धा मिलिसेकंद असतो. तेवढ्यात कोपर कुठे आहे बघून ती सुधारणं कुणालाच जमत नाही. सूचना एकच हवी आणि ती चित्रासारखी हवी, म्हणजे शरीर बाकीचं स्वतः जुळवतं. 1999 मध्ये हालचाली शिकण्यावर संशोधन करणाऱ्या गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी गोल्फ न खेळलेल्या लोकांना पिच शॉट (जवळून उंच उडवायचे छोटे फटके) शिकवले, एका गटाला सांगितलं हातांच्या हालचालीकडे लक्ष द्या, दुसऱ्याला सांगितलं क्लबच्या हालचालीकडे, तर क्लबवाले जास्त अचूक निघाले. मला स्वतःला हे वाचून खूप सुटल्यासारखं वाटलं होतं.

आता बादली. अंगण धुताना भरलेली बादली दोन्ही हातांनी धरून आपण उजवीकडे मागे नेतो आणि मग पाणी लांब फेकतो ना, तेव्हा कोपर आत ठेव असं कुणी सांगावं लागत नाही, बादली जड असते म्हणून कोपर आपोआप कमरेजवळ राहते, आधी पाय आणि कंबर वळते, हात मागून येतात. तेच हवंय. फक्त पाणी टार्गेटच्या उजव्या बाजूला फेकायचंय असं समजा, कारण आपला क्लब बाहेरून आत, डावीकडे कापत येतो. घरी खरंच अर्धी बादली घेऊन दहा वेळा करून बघा, पाठीला जपून, आणि पोटात, कमरेत, डाव्या टाचेखाली काय जाणवतं ते लक्षात ठेवा. मग सेव्हन आयर्न (ड्रायव्हरपेक्षा आखूड क्लब) घेऊन अर्धाच स्विंग, हळू, तीच जाणीव शोधत.

टेम्पोसाठी, म्हणजे स्विंगच्या लयीसाठी, मी झोपाळा आठवतो. वर गेल्यावर तो क्षणभर थांबतो आणि मग आपल्या वजनाने खाली येतो, वरून कुणी ढकलत नाही. स्लाइसवाले बहुतेक सगळे वरूनच खांद्याने ढकलतात.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, जे जाणवतं ते आणि जे घडतं ते वेगळं असतं. मला वाटायचं मी पाणी पार उजवीकडच्या झाडीत फेकतोय, आणि मोबाईलवर स्लो मोशन बघितलं तर क्लब जेमतेम सरळ येत होता!! म्हणून भरपूर अतिशयोक्ती करा आणि दर पाच-सहा बॉलनंतर टार्गेटच्या रेषेत मागून, हातांच्या उंचीवरून शूट करून तपासा. आणि चित्र कायम टिकत नाही, दोन-तीन आठवड्यांत सवयीचं होऊन त्याची धार जाते, तेव्हा दुसरं शोधायचं. गोल्फपटू बेन होगनची 1957 ची बॉलपासून खांद्यांपर्यंत तिरक्या टेकवलेल्या काचेखालून क्लब न्यायची कल्पना कितीतरी जणांना लागू पडली, मला नाही पडली, मी त्या काचेला घाबरून आखडायचो. तुमचं चित्र तुमच्या अंगातल्या सवयीतून आलं पाहिजे, लहानपणी तळ्यावर चपटे दगड टप्पे देत फेकले असतील तर बादलीपेक्षा तेच वापरा, त्यात पण कोपर हाताच्या पुढे येते.

फक्त एक बघून सांगा, बॉल निघतानाच उजवीकडे जातो की डावीकडे निघून मग वळतो? उजवीकडे निघून आणखी उजवीकडे वळत असेल तर फेस उघडा आहे, म्हणजे उजवीकडे बघतोय, त्यावर बादली चालणार नाही, आधी ग्रिप (क्लबची पकड) बघावी लागेल, वरून बघताना डाव्या हाताच्या दोन तरी बोटांच्या मुळाच्या गाठी दिसल्या पाहिजेत.